सुरी हातात द्यायची नसते

गेल्या महिन्यात बाणेरला भाचीकडे जेवायला गेले होते. दहा-बारा माणसं होती, म्हणून मी आपणहून कोशिंबिरीचं काम मागून घेतलं. स्वयंपाकघर देखणं. काळा ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीत बसवलेला ओव्हन, ढकलले की आवाज न करता मिटणारे ड्रॉवर. त्यातल्याच एका ड्रॉवरमधून तिने सुरी काढली आणि माझ्या हातात दिली. पोपटी प्लॅस्टिकची मूठ, पोस्टकार्डासारखं लवणारं पातं. पहिला टोमॅटो घेतला तो कापला गेलाच नाही, नुसता दबला. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा साल फाटली आणि बिया, रस सगळं मनगटापर्यंत आलं. तिसऱ्या टोमॅटोवरून पातं सटकलं आणि माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर आपटलं. फार लागलं नाही, नखावर एक पांढरी रेघ उठली. मी म्हटलं, "अगं, हिला धार तरी लावून घे." ती फोडणीकडे बघत होती. मागे न वळता म्हणाली, "मावशी, मुद्दामच बोथट ठेवलीये. पोरगं सारखं ओट्याशी लुडबुड करतं. लागायला नको."

कोशिंबीर झाली. दाण्याचं कूट, दही, कोथिंबीर सगळं पडलं, तरी खाली टोमॅटोचं पाणी सुटलेलंच. सगळ्यांनी आवडीने खाल्ली. रिक्षाने परत येताना युनिव्हर्सिटीच्या चौकात अर्धा तास अडकलो, तेव्हा मी अंगठ्यावरच्या त्या रेघेवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवत बसले होते.

मुद्दाम बोथट.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात लहानपणी सुरीपेक्षा विळीचं राज्य होतं. सागवानी पाट, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. पातं काळंभोर, फक्त धारेची कड तेवढी चंदेरी, आणि टोकाला खवणी. आई एक गुडघा उभा करून, दुसरा पाय पाटावर टाकून बसायची आणि मग तिच्या पुढ्यातलं ताट भरत जायचं. विळीत पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. दोन्ही हात भाजीला मोकळे असतात, त्यामुळे विळीवर चिरणाऱ्या बाईच्या हातात हत्यार दिसत नाही, पडवळ दिसतं, मेथीची जुडी दिसते. आवाजावरून मला माजघरात बसून भाजी ओळखता यायची. कोबीची करकर, मेथीचा सर्र, सुरणाचा जड ठक्. आपल्या भाषेने या कामाला शब्दही किती वेगवेगळे दिलेत. भाजी चिरायची, फळ कापायचं, सुपारी कातरायची, नारळ खवायचा, काकडी कोचवायची, वांग्याला देठ शाबूत ठेवून चीर द्यायची. एका शब्दात ज्याचं भागलं असतं तिथे सहा शब्द झाले, कारण प्रत्येक वेळी हात वेगळा फिरतो आणि पातं वेगळं लागतं.

पातं साध्या पोलादाचं होतं, म्हणजे गंजणारं. कैरी चिरली की त्यावर निळसर-काळे ढग उमटायचे. केळफुलाचे तुरे, कच्चं केळं, वांगी चिरताक्षणी पाण्यात गेली नाहीत तर काळी पडायची आणि आईच्या बोटांनाही तो काळेपणा दोन दिवस राहायचा. लिंबू चिरलं की बोटांना लोखंडाचा वास. रोज रात्री ती पातं चिंचेने घासायची, धुवायची, लगेच कोरडं करायची आणि बोटावर गोडेतेलाचा एक थेंब घेऊन वरून खालपर्यंत ओढायची. मग विळी आडवी करून, पातं भिंतीकडे. उभी विळी ठेवलेली मी आमच्या घरात कधी पाहिली नाही. चाळीस वर्षांत ते पातं झिजत झिजत द्वितीयेच्या चंद्राएवढं राहिलं. ते झिजलेलं सगळं पोलाद कुठे गेलं असेल? थोडं दगडावर, थोडं राखेत, आणि थोडं आमच्याच पोटात.

वैराला आपण विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतो. मला ते कधी पटलं नाही. आई लाल भोपळा चिरायला घ्यायची तेव्हा त्या जाड सालीत पातं असं शिरायचं की भोपळा स्वतःहून उमलतोय असं वाटावं. कापलेला भाग ओला, तकतकीत, आरशासारखा सपाट. वैर असलंच तर ते बोथट विळ्याचं आणि भोपळ्याचं.

त्या धारेमागे अप्पा होते. माझे वडील खडकीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. सकाळी साडेसहाला सायकल काढून संगम पुलावरून जायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन आणि विजारीच्या खिशात चाकू, कायम. हा चाकू कच्छमधल्या अंजारचा, त्यांच्या एका सहकाऱ्याने गावाहून येताना आणलेला. अंजारचे चाकू आणि सुडी, म्हणजे आपले अडकित्ते, नावाजलेले. पितळी मूठ, तिच्यावर बारीक नक्षी, पातं जेमतेम तीन इंचांचं, उघडताना एक घट्ट, समाधानी आवाज. त्याने ते पेन्सिल करायचे, पार्सलची सुतळी कापायचे, सिंहगडावर पेरू कापून वर तिखटमीठ लावायचे, सायकलच्या ब्रेकचं रबर तासायचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर पेपरात अंजारचं नाव आलं, त्या सकाळी अप्पांनी चाकू खिशातून काढून बराच वेळ मुठीत धरला होता. बोलले काही नाहीत. त्या गावी ते कधी गेलेही नव्हते.

आईसाठी त्यांनी स्वतः एक सुरी केली होती. यंत्रावरच्या करवतीचं, म्हणजे पॉवर हॅक्सॉचं, मोडकं ब्लेड रीतसर परवानगीने घरी आणलेलं. दीड इंच रुंद, दोन मिलिमीटर जाड, टंगस्टन घातलेलं हायस्पीड स्टील. असली ब्लेडं लोखंड कापायलाच जन्मलेली, त्यांना भेंडी म्हणजे काहीच नाही. अप्पांनी आधी करवतीचे दाते घासून काढले, मग दोन्ही अंगांनी उतार दिला. शिसवी लाकडाची मूठ. ब्लेडच्या टोकाला मुळातच एक भोक असतं, त्यातून पितळेची एक रिव्हेट. दुसरं भोक पाडता येईना इतकं ते कडक, म्हणून मुठीच्या पुढच्या टोकावर तांब्याची तार एकाशेजारी एक वेढे देत घट्ट गुंडाळलेली. त्या तारेवर अंगठा टेकायचा. मुठीपासून बोटभर अंतरावर पात्यावर एक ठिपका होता, खसखशीच्या दाण्याहून बारीक. लहानपणी मला तो डाग वाटायचा. अप्पांनी सांगितलं की ती रॉकवेलच्या यंत्राची खूण. हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भाराने पोलादावर दाबायचं, ते किती आत गेलं त्यावरून कडकपणा ठरतो. जितकं कमी रुततं तितका आकडा मोठा. या सुरीचा आकडा होता ६३. बाजारातल्या चांगल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या बहुधा ५६ ते ५८ च्या आसपास असतात हे मी पुष्कळ नंतर वाचलं, आणि वाचता वाचता उठून ती सुरी कपाटातून काढून त्या ठिपक्यावर नख फिरवलं.

कडक असणं म्हणजे सगळं चांगलंच असं मात्र नाही. ती सुरी एकदा आईच्या हातून शहाबादी फरशीवर पडली आणि तिचं टोक काचेसारखं तुटलं. आई रडवेली झाली. अप्पांनी तुटका तुकडा शोधून कागदात गुंडाळला, टोक घासून पुन्हा गोल केलं आणि मला समोर बसवून समजावलं. पोलाद लाल तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं पण ठिसूळही होतं. मग पुन्हा मंद आचेवर थोडा कडकपणा उतरवायचा. साध्या पोलादावर त्या वेळी रंग चढत जातात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळसर, तो २३० अंशांच्या आसपास, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या जवळ निळा. सुरी करायची तर गवताच्या रंगाला थांबायचं, स्प्रिंग करायची तर निळ्यापर्यंत जायचं. आई शेजारी लाडवांचा पाक बघत उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद." अप्पांना ते इतकं आवडलं की पुढे कारखान्यात नव्या पोरांना ते तसंच शिकवायला लागले.

लोहार पात्याला पाणी पाजतो, असंही ते म्हणायचे. म्हणूनच की काय, धार लावण्याला आपल्याकडे पाजवणं म्हणतात. शब्दांत मला नेहमी हे सापडतं, की पात्याभोवती आपण पाण्याचेच शब्द गोळा केलेत. पाणीदार पातं. आणि धारही, दुधाची तीच, सुरीची तीच.

आठ वर्षांची असताना मी पहिल्यांदा चाकू मागितला, पेन्सिलीला टोक करायला. हात पुढे केला. अप्पांनी चाकू उघडला आणि माझ्या हातात न देता फरशीवर ठेवला, मूठ माझ्या बाजूला करून. सुरी हातात द्यायची नसते, भांडण होतं, हे आईकडून ऐकलेलं होतंच. अप्पांचं कारण वेगळं होतं. "तू आपली आपण उचल," म्हणाले. "दिलेली वस्तू माणूस न बघता घेतो. उचलायची म्हटलं की बघावं लागतं." त्या दिवशी माझं बोट कापलंच. हळद लावली, चिंधी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तसाच चाकू फरशीवर ठेवला.

खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं पुजून आले की घरी आमची पूजा. पाटावर विळी, हॅक्सॉ ब्लेडची सुरी, आजीचा अडकित्ता, अप्पांची कानस, पटाशी, चाकू. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती म्हणून भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवलेली असे. नवरात्रातल्या एवढ्या सगळ्या गोष्टींत मला हीच खरी वाटायची. जे वर्षभर आपल्यासाठी झिजतं त्याला एक दिवस हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

पुढे घरात स्टेनलेस आलं. सगळ्यांकडेच आलं. भांडी आळीतून स्टीलचे डबे, ताटं, आणि त्यांच्यासोबत लखलखणारी, कधीच काळी न पडणारी सुरी. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होता. तो नमुना लिंबाच्या रसाने, व्हिनेगरने डागाळत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला एकदम काटे-सुऱ्या सुचल्या. शेफील्डचे जुने सुरीवाले मात्र त्याची थट्टा करत, न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढणारा म्हणून. अप्पांचं मत सुरुवातीला त्याच सुरीवाल्यांसारखं होतं. पण आई खूश होती. केळफूल काळं पडत नव्हतं, रात्री तेलाचा थेंब लावावा लागत नव्हता. मला दोघांचंही पटतं. चांगल्या स्टेनलेसला आता उत्तम धार बसते आणि टिकते. फक्त त्या सुरीकडे रोज रात्री वळून बघायची गरज उरली नाही. मग आठवड्याने बघितलं जातं, मग वर्षाने, मग ती पोपटी मुठीची होऊन ड्रॉवरमध्ये चमच्यांवर आपटत पडून राहते.

आपल्याकडे पोलादाची वानवा होती असं नाही. १७९०च्या दशकात मुंबईहून डॉ. स्कॉट नावाच्या माणसाने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्स यांना 'वूट्झ' पोलादाचे नमुने पाठवले. मुशीत वितळवून केलेलं हे दक्षिणेतलं पोलाद, त्यात कार्बन साधारण दीड टक्का, याच्याच तलवारी दमास्कसच्या नावाने जगभर गाजल्या. त्यावर पुढे मायकेल फॅरेडेने १८१९ पासून दोन-तीन वर्षं प्रयोग केले. विजेचा फॅरेडे तोच. लोहाराचा मुलगा होता तो. शिवण्या-टिपण्याची, कातरण्याची, तासण्याची इतकी हत्यारं वापरणाऱ्या या शहरात पात्याची माणसं होतीच. शिकलगार हे आडनाव आजही ऐकू येतं, शस्त्रं घासून-पुसून लखलखीत करणाऱ्यांचं. बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात मी दर दोन-तीन वर्षांनी जाते ती मुख्यतः अडकित्त्यांसाठी. पक्ष्यांचे, घोड्यांचे, माणसांच्या जोड्यांचे. सुपारीचे दोन तुकडे करायला इतकं सौंदर्य लागत नाही. कुणाला तरी वाटलं की लागतं.

माझा स्वतःचा चाकू फ्रेंच आहे. ओपिनेल, आठ नंबर. मैत्रिणीने तिकडून येताना आणला, आणि देताना माझ्याकडून एक रुपया मागून घेतला. तिकडेही म्हणे चाकू फुकट दिला की मैत्री तुटते. आल्प्समधल्या सॅव्हॉयच्या जोसेफ ओपिनेलने हा १८९० मध्ये केला, तिथल्या शेतकऱ्यांसाठी. बीच लाकडाची गोलसर मूठ, साध्या पोलादाचं साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि १९५५ पासून एक फिरती कडी, जी फिरवली की पातं मिटत नाही. सगळे मिळून पाच भाग. एवढ्यात भागतं. पुण्याच्या जुलैत मात्र लाकूड फुगतं आणि पातं उघडेनासं होतं. सॅव्हॉयमधले लोक अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर ठकदिशी आपटतात, की पात्याचं टोक वर येतं. मी ओट्यावर आपटते. पहिल्या पावसाळ्यात लिंबं कापून कापून त्याच्यावर निळे-करडे ढग आले आणि मला आईच्या विळीचा वास आला. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

धार लावायचा दगड मी पन्नाशीत घेतला. बोटभर जाड, एका बाजूने हजार नंबरचा, दुसरीकडून चार हजारचा. दहा मिनिटं पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबले की बाहेर. पातं साधारण पंधरा-वीस अंशांत तिरकं धरायचं, सगळं कौशल्य तो कोन न मोडण्यात. करड्या पाण्याचा चिखल होतो, तो धुवायचा नाही, तोच काम करतो. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला बोटाला एक खरखरीत कड जाणवते. टूलरूममध्ये तिला बर म्हणतात. बर आली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग उलट बाजू. मग हलक्या हाताने, आणखी हलक्या हाताने, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दोन-चार हात, न्हावी वस्तरा ओढतो तसे. चांगल्या धारेची कड एक मायक्रॉनच्याही आत असते, आणि आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉनचा. त्या कडेवर कांदा ठेवला की तो चिरडत नाही, त्याच्या पेशी कमी फुटतात, डोळ्यांना पाणी कमी येतं. कोथिंबीर संध्याकाळपर्यंत हिरवी राहते. २०२० मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, की दाढीचा केस पोलादाहून पन्नास पटींनी मऊ, तरी तो कापताना वस्तऱ्याच्या धारेचे बारीक कपचे उडतात. मऊ वस्तू कापूनच पातं संपतं. आईच्या विळीचं तेच झालं.

धारवाला अजून येतो. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, चाक फिरतं आणि ठिणग्या. आमच्या सोसायटीचा वॉचमन त्याला आत सोडत नाही, म्हणून तो फाटकाबाहेर उभा राहून हाक देतो आणि वरच्या मजल्यावर ती पोचत नाही. त्याच्या कोरड्या चाकावर पात्याचं पोलाद फार खाल्लं जातं, कड तापते, म्हणून मी माझ्या सुऱ्या त्याला देत नाही. कात्र्या देते. आणि दर वेळी वाटतं की याच्याकडून हे दोन पैसे कमी करणारी मी कोण.

भाचीला वाटणारी भीती मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. गेली काही वर्षं सकाळचा पेपर उघडला की कोयता गँग. पोरं सतरा-अठरा वर्षांची. ज्या रस्त्यावरून मी रात्री दहाला एकटी चालत यायची तिथे दुचाकींच्या काचा फोडल्या गेल्या. कोयता हा शब्दच आता वेगळा ऐकू येतो. आणि हाच शब्द ऊसतोडीच्या फडावर माणसांचं माप आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांची उचल कोयत्यावर ठरते, त्यांचा हंगाम कोयत्यावर मोजला जातो, सहा महिने पाचटात मुलंबाळं घेऊन राहणारी ती दोन माणसं म्हणजे एक कोयता. कर्वेनगरच्या आमच्या कोपऱ्यावरचा शहाळीवाला तीन घावांत शहाळ्याचं तोंड उघडतो, चौथा घाव मी कधी पाहिला नाही. मेट्रोत आता पिशवी तपासतात, म्हणून माझा चाकूही घरीच राहतो. अप्पा आज असते तर विजारीच्या खिशात चाकू घेऊन शिवाजीनगर स्टेशनच्या यंत्रातून गेले असते आणि त्यांना बाजूला घेतलं गेलं असतं. मला त्या पोलिसाचंही चुकलंय असं म्हणता येत नाही.

पण त्या रिक्षात मला टोचत होतं ते हे नव्हतं.

अप्पा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. गुडघ्यांमुळे विळी सुटली होती, ती ओट्याशी उभी राहून अप्पांच्या सुरीने चिरायची. मग पार्किन्सन्स आला. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरायचा, कपबशी वाजायची. मी घाबरले. एका दुपारी ती झोपलेली असताना मी ती सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी लोणी लावायची, बिनधारेची सुरी ठेवली. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. संध्याकाळी तिने काकडी घेतली. सुरी दोन-तीनदा ओढली. अंगठा मुठीच्या पुढे तारेचे वेढे शोधत होता, ते नव्हते. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही कापत नाही गं." एवढंच. मी म्हटलं, "बघते उद्या." त्यानंतर तिने सुरी मागितली नाही. मटार सोलून द्यायची, पालेभाजी निवडून द्यायची, कोथिंबीर हाताने खुडायची. ओट्याशी पुन्हा उभी राहिली नाही. ती गेल्यावर मला कळलं की या आजारातला कंप बहुधा हात स्वस्थ असतानाच जास्त असतो, आणि काही करायला हात पुढे गेला की पुष्कळदा कमी होतो. मग आठवलं, की चिरताना तिचा हात थरथरताना मी पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता तो मांडीवरचा हात.

तिला लागलं असतं का? लागलं असतं कदाचित. हळद लावली असती.

परवाच्या रविवारी भाचीला फोन केला आणि दगड ओल्या फडक्यात गुंडाळून बाणेरला गेले. "मावशी, खरंच नको गं," ती फोनवर म्हणाली होती, पण दार उघडल्यावर काही बोलली नाही. तिच्या त्याच पोपटी सुरीवर मी पाऊण तास घालवला. मऊ पोलाद, बर लगेच येते आणि लगेच मोडते, तरी बसली धार. तिचा सात वर्षांचा मुलगा सगळा वेळ ओट्याला हनुवटी टेकून उभा होता. हे काळं पाणी कसलं, त्याने विचारलं. सुरीचं, मी म्हटलं. पातं धुवून, पुसून मी एक टोमॅटो कापला. नुसत्या पात्याच्या वजनाने ते सालीतून खाली गेलं. त्याने दोन्ही चकत्या उचलून उजेडाकडे धरून बघितल्या आणि म्हणाला, "मावशीआजी, मी?"

भाचीचा हात पुढे आला होता. मी काकडी उभी चिरली, सपाट बाजू खाली करून फळीवर ठेवली, म्हणजे ती घरंगळणार नाही. डाव्या हाताची बोटं नखांकडून आत कशी वळवायची ते त्याच्या बोटांना धरून दाखवलं. मग सुरी फळीवर आडवी ठेवली, मूठ त्याच्या बाजूला.

त्याने लगेच उचलली नाही. आधी वाकून पात्याकडे बघितलं, मग आईकडे. भाचीने गॅस बारीक केला आणि एक पाऊल मागे सरकली. पहिली फोड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदाएवढी पातळ निघाली. तिने ती उचलून तशीच खाल्ली आणि त्याला म्हणाली, "अजून एक काप."